व्हर्ना उठली!

व्हर्ना प्रूइटने पल्पिट पाहिला नाही तर लेलंड हॉगस्टडच्या पदरात काय पडत होतं, ते आधी मांडते. एक अख्खा उन्हाळा. त्यात रविवारचा पीचचा केक आला, पत्त्यांत हरल्यावर कडाकडा भांडणारं माणूस आलं, "तुझी ही टोपी बायसनने चघळून थुंकल्यासारखी दिसते" असं तोंडावर सांगणारा आवाज आला, आणि बाकाशेजारी मांडलेली दुसरी घडीची खुर्ची आली. आणि तिने पल्पिट पाहिला, तर? तर शंभरेक फूट उंच उकळतं पाणी. ते लेलंडने इतक्या वेळा पाहिलं होतं की आता पाणीच त्याला ओळखत असावं.

दुकानदाराला असा सौदा समजवावा लागत नाही. लिव्हिंगस्टन गावात मी, इर्मा लिंडक्विस्ट, आयुष्यभर नळ, पाइप आणि खिळेमोळे विकले. गिऱ्हाईक दारात शिरलं की त्याला काय हवंय आणि ते काय मागणार, यातला फरक मला कळतो. नवरा गेल्यावर दुकान विकलं आणि उन्हाळाभर यलोस्टोनच्या या वाफाळत्या खोऱ्यात येऊन बसायला लागले. इथे आमच्यासारखी पाचपन्नास रिकामटेकडी माणसं आहेत. टोपी, खुर्ची, एकमेकांशी बोलायचा रेडिओ आणि वाट बघायची तयारी, एवढंच भांडवल. गायझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा, उडाला की रेडिओवर वेळ सांगायची आणि पुढच्याची वाट बघायची. आमच्या नातेवाइकांना यात काय आहे ते कळत नाही. आम्ही समजावायचं सोडून दिलंय.

पल्पिट हा शंकूचा गायझर. पाण्यातून येणारा गारगोटीसारखा क्षार थरावर थर साचून त्याचा माणसाहून उंच बुरूज झालाय. चर्चमध्ये पाद्री ज्या उंच कठड्यामागे उभा राहून आपल्या पापांचा पाढा वाचतो, तसा दिसतो, म्हणून नाव पल्पिट. तळ्यासारखे पसरट गायझर असतात ते बडबडे. इकडे उसळ, तिकडे शिंतोडे, सगळं उघड्यावर. शंकूवाल्याचा गळा अरुंद. खाली कितीही खदखदलं तरी वर तोंड मिटलेलं, दिवस दिवस. आणि उघडलं की इकडेतिकडे नाही, सरळ आभाळात, एकच धार. पाइपाच्या धंद्यात मी अशी माणसंही पुष्कळ पाहिली.

पल्पिटच्या पायथ्याशी एक चिमुकलं भोक आहे. त्याचं नाव डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस. पल्पिट उडायच्या आधी पावएक तास हा डीकन खाकरायला लागतो, वीतभर पाणी थुंकतो. बघणाऱ्याने ताबडतोब रेडिओवर ओरडायचं, "डीकन चालू!" मग खोऱ्यातून जो तो धावत सुटतो. ओरडायला उशीर करणं हे आमच्यात सगळ्यात मोठं पाप. दुसऱ्याचा गायझर तुम्ही चोरला, असा त्याचा अर्थ.

आणखी दोन कायदे सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिला: पाणी पाहिलं तर गायझर पाहिला. पल्पिट चार-पाच मिनिटं पाण्याची धार सोडतो, मग नुसती वाफ गर्जत राहते. वाफेला पोचलात तर ती तुमच्या खात्यावर चढत नाही. दुसरा कायदा थट्टेचा, पण सगळे पाळतात. गायझर हट्टाला पेटला की कोणाला तरी बळी जावं लागतं. म्हणजे सकाळपासून बसलेल्या एखाद्याने उठून जायचं, जेवायला म्हणा, आणखी कशाला म्हणा. तो वळणापलीकडे गेला की गायझर उडतो. सोंग चालत नाही. झाडामागे लपलेला बळी गायझर ओळखतो.

आणि आमच्या खोऱ्यातला सगळ्यात भरवशाचा बळी म्हणजे व्हर्ना.

बारा उन्हाळे ती पल्पिटसमोर बसली आणि एकदाही तिने त्याचं पाणी पाहिलं नाही. ती कॉफी आणायला लॉजच्या खिडकीकडे निघायची, गुडघ्यामुळे हळूहळू, आणि ती रांगेत असतानाच मागे धडाका व्हायचा. कप घेऊन परतायची ती वाफेत. शेवटी डीकनलाही कोणी विचारीना. ती खुर्चीतून उठताना दिसली की कोणीतरी रेडिओवर बातमी द्यायचं, "व्हर्ना उठली! व्हर्ना उठली!" आणि टेकडीपलीकडची माणसं डबे टाकून पळत यायची. ती उठूनही काही झालं नाही असे दिवस भरपूर होते, पण ते कोण लक्षात ठेवतं?

लक्षात ठेवायची सवय मला. ती आपणहून उठली तर काही होत नसे. लेलंडने कॉफी मागितली की व्हायचं.

लेलंड मूळचा दंतवैद्य. जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात बघितलं आणि म्हातारपणी या बंद तोंडासमोर येऊन बसला. मोजकं बोलणारा. पल्पिट त्याच्याइतका कोणाला कळत नाही. आम्ही सगळे डीकनकडे बघत असायचो, तो डीकनकडे बघायचाच नाही. शंकूच्या पायथ्याला, डावीकडे, मधाच्या रंगाचा तळहाताएवढा डाग आहे. तो कोरडा असतो तोवर काही होणार नसतं. आतलं पाणी चढत आलं की एका बारीक भेगेतून पाझरून तो डाग काळपट ओला होतो. त्यानंतर थोड्या वेळाने डीकन खाकरतो, आणि मग पल्पिट. डाग ओला झाला की लेलंड हातातलं पुस्तक मिटायचा आणि म्हणायचा, "व्हर्ना, कॉफी प्यावीशी वाटते आहे बुवा."

डीकन चालू झाल्यावर मागितली असती तर कोणीही तिला जाऊ दिलं नसतं. डाग ओला झाल्यावर मागितली, की बिचारी व्हर्ना, तिचं नशीब!

गंमत म्हणजे कॉफीने लेलंडच्या छातीत जळजळतं. दोन घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवायचा. तो मी संपवायचे. आता मला त्याची चाल कळली होती, तरी मी का बोलले नाही, असं कोणी विचारेल. तर एक, कप गरम असायचा. दोन, कुणाच्या सौद्यात मध्ये पडू नये, असं आमचे वडील सांगत.

व्हर्नाचं सगळं अडलं होतं ते एका शब्दावर. नवऱ्याच्या माघारी तिने राहता येईल असा ट्रेलर घेतला आणि इथे आली, तेव्हा तिची भाची कोरिन, म्हणजे भावाची मुलगी, म्हणाली होती, "आत्या, एकटी कुठे हिंडतेस, ॲरिझोनाला माझ्याजवळ ये." व्हर्ना म्हणाली, "येते. पल्पिट तेवढा राहिलाय. तो पाहिला की ट्रेलर विकते आणि आलेच." भाचीने शब्द धरून ठेवला. हिवाळाभर व्हर्ना तिच्याकडे असायची, आणि बर्फ वितळलं की "पल्पिट राहिलाय ना गं" म्हणून परत.

या सप्टेंबरात कोरिनच आली. ट्रेलर ओढायची मोठी गाडी घेऊन, आठवड्याची सुट्टी काढून. तिने आत्यासाठी ॲरिझोनातच, टूसॉनला, घर बघून ठेवलं होतं. जिना नाही, दारात गाडी, आवारात पोहायचा तलाव. सकाळी ती व्हर्नाच्या दंडाला धरून बाकाशी आली, आमच्याकडे वळली आणि शाळेतल्या बाईंसारखी उभी राहिली.

"मिस्टर हॉगस्टड, इर्माबाई, तुम्हा सगळ्यांची ती बळीची थट्टा मला ठाऊक आहे. या आठवड्यात आत्या या खुर्चीतून हलणार नाही. तिला कोणी कॉफीला पाठवायचं नाही, जाकीट आणायला पाठवायचं नाही. काही लागलं तर मी आणीन. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मला काय, कोणीही आणली तरी कप तोच.

लेलंड म्हणाला, "हं."

"हं म्हणजे?"

"म्हणजे कबूल."

व्हर्ना खुर्चीत बसून स्कार्फ सारखा करत होती. "अगं, मी कैदी आहे की काय?"

"आत्या, बारा वर्षं! बारा वर्षं एका पाण्याच्या फवाऱ्यासाठी! एकदाचा बघ आणि सुट. घरी तलाव आहे, त्यात पाय सोडून बस हवं तेवढं."

"त्यातलं पाणी वर उडतं का?"

"नाही."

"मग मी त्यात बघू काय?"

लेलंडने टोपी पुढे ओढली. टोपीखाली हसला असावा.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसराही. कोरिन पहारेकऱ्यासारखी आत्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायची. दूध तीच आणायची, टोपी तीच आणायची. रेडिओवर डॅरिल नावाचा एक वाचाळ इसम आहे, तो टेकडीपलीकडच्या गायझरांवर नजर ठेवून बसतो. तो तासातासाला विचारायचा, "व्हर्ना उठली का?" आणि कोरिन माझ्या हातातला रेडिओ घेऊन ठणकावायची, "उठणार नाही!"

"मग पल्पिट पण उडणार नाही," डॅरिल म्हणायचा. "ताई, तुम्ही निसर्गात ढवळाढवळ करताय."

लेलंडचं मात्र बघवत नव्हतं. एरवी डागाकडे तो तासात दोनदा नजर टाकायचा. आता सारखा तिकडेच. तोंड उघडायचा, मिटायचा. मी एकदा हळूच म्हटलं, "दाढ दुखतेय का?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की पुढे काही विचारलं नाही.

आणि आतल्या आत त्याला पोखरत काय होतं ते मला दिसत होतं. व्हर्ना गेली तर परत कधी येणार? विचारायला हवं होतं. पण बारा उन्हाळे जो माणूस "कॉफी प्यावीशी वाटते" यापलीकडे गेला नाही, तो आता काय विचारणार? अरुंद गळा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन पिवळं झालं होतं. पाइनच्या झाडांखाली दोन बायसन रवंथ करत पडले होते. कोरिन आत्याला टूसॉनच्या घरातल्या कपाटांबद्दल सांगत होती. मी पेंगत होते. तेवढ्यात पुस्तक मिटल्याचा आवाज आला आणि लेलंडच्या तोंडून, सवयीने, आपोआप निघालं:

"कॉफी प्यावीशी वाटते आहे बुवा."

मी डागाकडे पाहिलं. काळाभोर, ओलाचिंब.

लेलंडने जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता, आणि व्हर्नाने खुर्चीच्या हातांवर भार टाकायच्या आत कोरिन ताडकन उभी राहिली होती.

"बस आत्या! बघितलंत, इर्माबाई? अशीच उठते ही! मिस्टर हॉगस्टड, मी आणते ना. चार कप. दूध कोणाला?"

"मला," मी म्हणाले.

"नको नको," लेलंड घाईघाईने म्हणाला, "राहू दे. थांब तू. कॉफीने... जळजळतं मला."

"मग मागितली कशाला?" कोरिन हसली. "संकोच करू नका हो. तुम्ही माझ्या आत्याची एवढी काळजी घेता, मी एक कप आणू शकत नाही? आत्या, हलू नकोस हं!" आणि तरातरा लाकडी वाटेने निघालीसुद्धा. वळणापलीकडे गेली.

तिला हाक मारून थांबवावं, असं माझ्या मनात आलं. लेलंडच्याही आलं असेल. पण हाक मारून सांगणार काय? पल्पिट उडणार आहे, हे तुम्हाला डीकनच्या आधी कसं कळलं, असं तिने विचारलं असतं, आणि मग बारा वर्षांचं सगळं गाठोडं सोडावं लागलं असतं.

व्हर्ना उठली.

"कुठे निघालीस?" लेलंडने विचारलं.

"चष्मा राहिला ट्रेलरमध्ये."

"गळ्यात आहे तो."

व्हर्नाने खाली बघितलं. "हा दूरचा. मला जवळचा हवाय."

तेवढ्यात माझ्या मांडीवरचा रेडिओ खरखरला. टेकडीवर चढलेल्या डॅरिलच्या दुर्बिणीला दिसलं होतं. "व्हर्ना उठली! लोकहो, व्हर्ना उठली!" दूरवर वाटेवरून पावलं दणदणायला लागली.

"व्हर्ना," लेलंड म्हणाला, "तू कुठे बघतेयस?"

ती बघत होती शंकूच्या पायथ्याला, डावीकडे.

मग लेलंडने विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तो डाग."

"तिसरा उन्हाळा असेल," व्हर्ना म्हणाली. "तू कॉफी मागायचास आणि इर्मा प्यायची. मी म्हटलं, हा माणूस दरवेळी दुसऱ्यासाठी कॉफी मागतो, एवढा काही परोपकारी वाटत नाही. मग तू कुठे बघून मागतोस ते बघायला लागले."

"आणि तरी जात होतीस?"

"मला ॲरिझोना आवडत नाही," व्हर्ना म्हणाली. "सपाट आहे."

लेलंडच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यात त्याने इतक्या लोकांना आ करायला लावलं, आता त्याचा स्वतःचा झाला होता.

"सरक बरं," व्हर्ना म्हणाली. "गुडघ्याला वेळ लागतो. आत्ता निघाले तर वाफेला पोचते परत. कोरिनला सांग, आत्याला घाईची लागली होती. काय करणार, तिचं नशीब."

तेवढ्यात डीकन खाकरला. वीतभर पाणी उडालं, मग पुन्हा.

"लेलंड," मी म्हणाले, "ओरड."

त्याने रेडिओ उचलला, पण बटण दाबलं नाही. डीकन थुंकत होता आणि लेलंड हॉगस्टड गप्प होता. असं खोऱ्यात कोणी कधी पाहिलं नसेल. तो व्हर्नाकडे बघत होता आणि व्हर्ना वाटेकडे. ती गेली असती तर पुढचा उन्हाळा त्याच्या पदरात पडला होता. फुकट, काही न विचारता.

"बस," तो म्हणाला.

"अरे पण..."

"बस म्हणतो ना. पुष्कळ झालं. तुझं पाणी मी चोरलंय. आज बघ." मग बटण दाबलं. आवाज खोल गेला होता. "डीकन चालू. मी उशिरा सांगतोय. चूक माझी."

रेडिओ खरखरला. मग डॅरिलचा आवाज, चक्क हळू: "लेलंड? तू? बरा आहेस ना?"

व्हर्ना बसली. पण आता तिची बोटं स्कार्फमध्ये गुंतत होती. "शब्द दिलाय मी तिला," ती म्हणाली. "पाहिला की जावं लागेल."

"माहीत आहे."

"मग? तुला काही म्हणायचंय का? हा उडायला लागला की काही ऐकू येत नाही."

लेलंडने टोपी काढली. पुन्हा घातली. असं पाव तासभर चाललं. शंकूच्या तोंडातून पहिलं पाणी उसळलं आणि आत पडलं. दुसरं. माणसं धापा टाकत येऊन कठड्याला भिडली. मला वाटलं, गेलं, हा काही बोलत नाही.

"आळशी जज्ज," लेलंड म्हणाला.

"काय?"

"आळशी जज्ज. नदीपलीकडचा. तू पाहिलायस का?"

"तो कोणी पाहिलाय? अकरा वर्षं झाली त्याला उडून."

"तेच म्हणतो. तुझा तो राहिलाय." त्याने घसा साफ केला, डीकनसारखा. "माझाही राहिलाय. मी म्हटलं... दोघांनी मिळून वाट बघितली तर... म्हणजे तुझ्या ट्रेलरचं छप्पर गळतं आणि माझा केवढा मोठा आहे, एकट्याला..."

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. "त्या जज्जाला वीस वर्षं लागली तर?"

"बरंच होईल," लेलंड म्हणाला.

आणि पल्पिटने तोंड उघडलं.

ते सांगायला मला जमणार नाही. जमिनीतून गर्जना येते आणि धार वर जाते, जाते, तुम्ही म्हणता आता वळेल, तर आणखी वर जाते. माथ्यावर ऊन लागून ती पांढरी होते आणि तुकडे होऊन खाली येते. व्हर्नाने दूरचा चष्मा लावला होता. गालावर पाणी होतं. शिंतोडे असतील, वारा आमच्याकडे होता. तिने लेलंडची बाही धरली होती. गुडघ्याला आधार म्हणून धरली असेल, असं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं.

पाणी संपलं. वाफ गर्जायला लागली. आणि वळणावरून चार कपांचा पुठ्ठा सांभाळत कोरिन पळत आली.

"उडला? आत्या, उडला का? पाहिलास?"

"पाहिला गं," व्हर्ना म्हणाली. "पहिल्या थेंबापासून."

"देवा, सुटलो! आणि मी रांगेत! माझ्या पुढे एक कुटुंब होतं, दहा जणांचं, प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं होतं..." ती वाफेकडे बघत राहिली. चेहरा पडला. "म्हणजे माझा गेला."

"वाफ धरत नाहीत," मी सांगितलं. कोणीतरी सांगायला हवंच होतं. मागून डॅरिल धापा टाकत म्हणाला, "ताई, बळी तुमचा. आभारी आहोत."

"जाऊ दे," कोरिन म्हणाली. "आत्याने पाहिला ना. उद्या सकाळी ट्रेलर जोडू."

व्हर्नाने मोकळ्या हाताने तिच्याकडून कप घेतला, शांतपणे एक घोट घेतला. "उद्या नको बाई. नाताळला येऊ."

"येऊ?"

"मी आणि लेलंड. पाहुण्यांची खोली दोघांपुरती कर. आणि बर्फ वितळलं की परत यायला हवं, आळशी जज्ज राहिलाय."

"कोण जज्ज?"

लेलंडने नदीपलीकडे बोट केलं. तिकडे एक राखाडी ढेकूळ होतं. त्यातून वाफेचा एक धागा येत होता, तोही मनापासून नाही. कोरिनने त्याच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आत्याच्या हातातल्या बाहीकडे पाहिलं. मग बाकावर बसली आणि स्वतःची कॉफी एका दमात प्यायली.

आता हिशेब. पाणी मिळालं व्हर्नाला, बारा वर्षांचं थकलेलं, एकरकमी. लेलंडला मिळाले पुढचे सगळे उन्हाळे आणि वर हिवाळे. त्याने भरलं ते एवढंच: रेडिओवर "चूक माझी" म्हणाला, आणि ते डॅरिल त्याला मरेपर्यंत ऐकवणार. कोरिनने भरलं सगळ्यात जास्त: आठवड्याची सुट्टी, मोकळी परत नेलेली गाडी, चार कप कॉफी आणि अख्खा पल्पिट.

थोडं मीही भरलं. मी सवयीने हात पुढे केला होता. पण त्या दिवशी लेलंडने, व्हर्ना बघत असताना, आपला कप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि एकदाही छातीवर हात ठेवला नाही.